उसाच्या पानांतील दुसरी वाट

महाराष्ट्रांतील घरांत ज्वारीची, बाजरीची किंवा नाचणीची भाकरी असते, उपवासाला राजगिरा असतो आणि सणाला गूळ असतो. या पदार्थांचें एक नातें स्वयंपाकघरांत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्या पानांनीं हें अन्न तयार केलें, त्या पानांची अन्न शिजविण्याची रीत भाताच्या किंवा गव्हाच्या पानांहून निराळी आहे. हा भेद उकलण्यास विसावें शतक अर्ध्याहून अधिक उलटावें लागलें. आणि तो कांहीं जणांच्या दृष्टीस पडल्यावरहि जगाच्या दृष्टीस पडण्यास आणखी वर्षें गेलीं. त्या विलंबाची हकीकत शोधाइतकीच बोधप्रद आहे.

हिरवें पान हवेंतून कर्बवायु घेतें, मुळांनीं आणलेलें पाणी घेतें आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर त्यांची साखर बनवितें, हें शाळेंतील मुलेंहि जाणतात. परंतु वायूची साखर होतांना मधल्या पायऱ्या कोणत्या? हें कोडें कॅलिफोर्नियांत बर्कले येथें मेल्व्हिन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन व जेम्स बॅशम यांनीं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत सोडविलें. किरणोत्सर्गी कर्ब असलेला वायु त्यांनीं पाण्यांतील सूक्ष्म शेवाळांना दिला, थोड्याच सेकंदांनीं तीं उकळत्या मद्यार्कांत मारलीं आणि तो कर्ब कोठें पोंचला तें शोधिलें. प्रथम तयार होणारा पदार्थ म्हणजे तीन कर्बाणूंचें एक आम्ल, असें ठरलें. या कार्याबद्दल कॅल्व्हिन यांस १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. जें शेवाळांत, तेंच सर्व वनस्पतींत, अशी समजूत रूढ झाली.

पण हवाई बेटांतील ऊस या समजुतींत बसेना. तेथील ऊसमळेवाल्यांच्या संघाची होनोलुलू येथें संशोधनशाळा होती. तींत ह्यूगो कॉर्टशाक, कॉन्स्टन्स हार्ट व जॉर्ज बर यांनीं तोच प्रयोग उसाच्या पानावर केला. तेव्हां कर्ब प्रथम तीन नव्हे, तर चार कर्बाणूंच्या मॅलिक व ॲस्पार्टिक या आम्लांत आढळला. या गोष्टीचा उल्लेख १९५० नंतरच्या दशकांत संघाच्या वार्षिक अहवालांत येऊन गेला. पण साखरधंद्याचे अहवाल दूरचे विद्वान कितीसे वाचणार? १९६० सालीं रशियांत कझान येथें युरी कार्पिलोव्ह यांनीं मक्याच्या पानांत हाच प्रकार पाहिला व रशियन भाषेंत छापला. त्याचीहि बाहेर दाद लागली नाहीं. हवाईच्या मंडळींचा सविस्तर निबंध अखेर १९६५ सालीं प्रसिद्ध झाला.

तो वाचून ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेंत काम करणारे हाल हॅच व रॉजर स्लॅक यांनीं एक नेमका प्रश्न विचारला : चार कर्बाणूंचें आम्ल हें आडवाटेनें जमणारें द्रव्य आहे, कीं साखरेच्या मार्गांतील खरी पायरी आहे? त्यांनीं पानाला क्षणभर किरणोत्सर्गी वायु दिला आणि लगेच साधी हवा सोडली. तों त्या आम्लांतील कर्ब तीन कर्बाणूंच्या आम्लांत व तेथून साखरेंत उतरतांना दिसला! १९६६ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कॅल्व्हिन यांचा मार्ग खोटा ठरला नाहीं. त्याच्या अलीकडे आणखी एक वाट आहे, एवढें मात्र सिद्ध झालें.

ही वाट दोन विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, श्रमविभागावर उभी आहे. रुबिस्को नांवाचें विकर सर्व हिरव्या पानांत कर्बवायूला साखरेच्या मार्गीं लावतें; पण तें चुकून प्राणवायूलाहि धरतें. ही खोड १९७१ सालीं अमेरिकेंत इलिनॉय येथें जॉर्ज बोव्स व विल्यम ऑग्रेन यांनीं दाखवून दिली. ऊन वाढलें कीं ही चूक वाढते आणि केलेली कमाई वायां जाते. पेप कार्बॉक्सिलेज या दुसऱ्या विकराला प्राणवायूचा मोह पडत नाहीं. उसाच्या पानांत बाहेरच्या पेशींत हें विकर कर्ब पकडतें व चार कर्बाणूंच्या आम्लाच्या रूपानें शिरेभोंवतींच्या आंतील पेशींकडे धाडतें. तेथें तो मोकळा होऊन रुबिस्कोभोंवतीं इतका दाटतो कीं, प्राणवायूला वावच राहत नाहीं. शिरेभोंवतीं पेशींचीं हीं दोन कडीं ऑस्ट्रियाच्या गॉटलीब हाबरलान्ट यांनीं १८८४ सालींच वर्णून त्यांस पुष्पमालेची उपमा दिली होती. रचना दिसली होती. तिचें प्रयोजन कळावयास ऐंशीं वर्षें लागलीं.

आंतील पेशींत कर्ब मोकळा करणारीं विकरेंहि एकजात नाहींत. ऊस, मका, ज्वारी व बाजरी यांत मुख्यतः एक विकर हें काम करतें, नाचणी व राजगिऱ्यांत दुसरें, तर गिनी गवतांत तिसरें. शिवाय ही रीत निसर्गांत ६० हून अधिक वेळां स्वतंत्रपणें उत्पन्न झाली आहे. निसर्गानें नवें यंत्र घडविलें नाहीं. जुन्यालाच फिरवून घेतलें. पेप कार्बॉक्सिलेज भाताच्या पानांतहि असतें, परंतु तेथें त्याचें काम किरकोळ. फ्लेव्हेरिया नांवाच्या फुलझाडांत या विकराच्या सुमारें ९६० दुव्यांच्या सांखळींत ७७४ व्या जागीं ॲलनिनऐवजीं सेरीन आलें कीं त्याच्या गुणांत मोठा पालट होतो, असें जर्मनींतील पीटर वेस्टहॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं दाखविलें.

या ज्ञानाचें मोल केवळ विद्वत्तेचें नाहीं. भात हें कोट्यवधि माणसांचें अन्न; आणि भाताचें पान जुन्याच वाटेनें चालतें. त्याला उसाची वाट शिकवावी, हा उद्योग फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेसह अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं आरंभिला आहे. एखादें विकर भातांत घालणें साधतें. पण पानाची सारी रचनाच पालटणें कठीण, म्हणून तसा भात अद्याप शेतांत आलेला नाहीं.

होनोलुलूच्या अहवालांत व कझानच्या पानांवर सत्य लिहिलेलें होतें. पण जें कोणी वाचलें नाहीं, त्यावर कोणी पुढचा प्रश्न विचारला नाहीं. प्रयोगशाळेंत दिसलेलें सत्य जगासमोर मांडलें जातें आणि दुसरा कोणी तें कसून पारखतो, तेव्हांच तें शास्त्र होतें. सर्वमान्य नियमाशीं न जुळणारा एखादा आंकडा चूक म्हणून बाजूस सारण्यापूर्वीं, या उसाच्या पानाची आठवण ठेवणें बरें.