देवमाशाचे पाय
(उत्क्रांतीच्या पुराव्यांचा एक इतिहास)

उत्क्रांती हा शब्द उच्चारला की आपल्याकडे बहुधा एकच प्रश्न पुढे येतो : ‘मनुष्य माकडापासून झाला काय?’ या गलबल्यात मूळ मुद्दा बाजूला राहतो. सजीवांची रूपे कोट्यवधी वर्षांत पालटत गेली असे शास्त्रज्ञ म्हणतात, ते कशाच्या आधारावर? हा आधार कसा जमत गेला ते देवमाशाच्या उदाहरणावरून पाहू. कारण त्या इतिहासाची पुष्कळशी पाने आपल्याच उपखंडाच्या खडकांत सापडली आहेत.

देवमासा हा नावाचा मासा. तो हवेत श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो. पुष्कळ देवमाशांच्या मांसात मागच्या बाजूला दोन लहान हाडे रुतलेली असतात. ज्याला पाय नाहीत त्याला कमरेची हाडे कशासाठी? याचे पूर्वज जमिनीवर चालत असावेत, ही शंका येथूनच निघते. १८५९ साली डार्विनने आपल्या ग्रंथात तोंड उघडे ठेवून पोहत किडे पकडणाऱ्या अस्वलाचा दाखला देऊन असा प्राणी हळूहळू देवमाशासारखा होणे अशक्य नाही, असे सुचविले. त्याची एवढी थट्टा झाली की पुढील आवृत्त्यांत त्याने तो भाग आटोपता घेतला. त्याच्या हाती तर्क होता, हाडे नव्हती.

हाडे मिळण्यास शतकाहून अधिक काळ लागला. १९७२ साली साहनी व मिश्रा या भारतीय शास्त्रज्ञांनी कच्छच्या खडकांतील प्राचीन देवमाशाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९८१ साली पाकिस्तानातील कोहाट भागात सापडलेल्या एका कवटीला ‘पाकिसेटस’ हे नाव मिळाले. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा हा चतुष्पाद प्राणी नदीकाठी राहत असे. पण त्याच्या कानाचे हाड देवमाशाच्या घडणीचे होते. १९९४ साली थेविसन, हुसेन व आरिफ यांनी पाकिस्तानी पंजाबातून ‘ॲम्ब्युलोसेटस’ उजेडात आणला. त्याला चार भक्कम पाय होते आणि मागचे मोठे पंजे पाणी मारण्याच्या उपयोगाचे होते. इजिप्तमधील वादी अल्-हितान, म्हणजे देवमाशांची दरी, येथे ‘बॅसिलोसॉरस’ या अवाढव्य सागरी देवमाशाचे मागचे पाय मिळाले. १९९० साली ते जगापुढे आले. गुडघा, घोटा, बोटे सारे शाबूत, परंतु एवढ्या धुडापुढे अगदीच चिमुकले! जुन्या खडकांत मोठे पाय, नंतरच्या खडकांत इवलेसे, आणि आज केवळ आत दडलेली हाडे, असा हा क्रम आहे.

तरीही एक वाद उरला होता. हाडे अभ्यासणारे पुष्कळ विद्वान म्हणत की देवमासे मेसोनिकिड नावाच्या एका नष्ट झालेल्या मांसभक्षक कुळातून आले. उलट १९९० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी डी.एन.ए. तपासून सांगितले की त्यांचे आजचे सर्वांत जवळचे नातलग पाणघोडे होत. निवाडा केला घोट्याच्या हाडाने. बकऱ्याच्या घोट्याचे हाड ज्यांनी निरखून पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की त्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते. गाय, हरिण, उंट, पाणघोडा अशा समखुरी प्राण्यांची ती खूणच होय. २००१ साली बलुचिस्तानातील प्राचीन देवमाशांचे घोटे प्रसिद्ध झाले. तेही हुबेहूब याच घडणीचे! जुने मत मांडणाऱ्यांपैकी काहींनी आपल्याच हातांनी ही हाडे खणून काढली होती, आणि त्यांनी ते मत सोडून दिले.

पुढे जम्मू-काश्मीरमधील कालाकोटचे खडक बोलू लागले. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी तेथे सापडलेल्या एका लहान समखुरी प्राण्याला १९७१ साली ‘इंडोह्यूस’ असे नाव दिले होते. त्यांनी जमविलेले दगड त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीने जपून ठेवले व थेविसन यांच्या हवाली केले. साफसफाई करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत दिसले देवमाशाच्या कानाचे हाड! २००७ साली हा शोध प्रसिद्ध झाला. इंडोह्यूस हा देवमाशांचा थेट पूर्वज नव्हे, परंतु त्यांच्या कुळाचा अत्यंत निकटचा भाऊबंद मानला जातो.

विद्यार्थी मित्रहो, येथे खडकांचे वय, कान, घोटा आणि डी.एन.ए. हे चार निरनिराळे साक्षीदार आहेत. निरनिराळ्या देशांतील माणसांनी निरनिराळ्या वाटांनी त्यांना गाठले आणि चौघांची जबानी जुळली. पुरावा म्हणतात तो याला.

२०२३ साली एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून आक्षेप घेतला. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाची या विषयाशी पुन्हा गाठ पडत नाही, हे त्यामागील कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. आमच्या पालकबंधुभगिनींना विनंती एवढीच, की या विषयावर मुलाने घरी प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नये. कोणाचे मत काय असावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण मत बनविण्यापूर्वी पुरावा पाहावा आणि पुरावा बदलला तर मत बदलण्याची तयारी ठेवावी, एवढी सवय शाळेने व घराने मिळून लावली, तर आपली मुले कोणत्याही क्षेत्रात मागे पडणार नाहीत.