इंद्रध्वजाचें उत्थापन आणि पवनचक्कीचा स्तंभ

मंदिर कोणीं बांधविलें, किल्ला कोणीं वसविला, हें सांगणारीं साधनें आपल्याकडे विपुल आहेत. त्याच मंदिराच्या शिखरावरील शिळा तेथपर्यंत कशी चढली हें सांगणारें साधन मात्र हुडकूनही सांपडत नाहीं. ताम्रपटांत दात्याचें गोत्र येतें, तिथि येते, गांवाच्या चतुःसीमा येतात; क्वचित् शिलालेखांत सूत्रधाराचें नांवही येतें. दोर ओढणाऱ्याचें नांव येत नाहीं, आणि दोर कोठें बांधला होता हेंही येत नाहीं. स्थापत्याच्या इतिहासांतील हें मोठेंच छिद्र आहे. तें अंशतः तरी बुजवितां येईल काय, हें पाहण्यासाठीं वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील एका अध्यायाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचा येथें विचार आहे. हा अध्याय ज्योतिषाचा म्हणून वाचला जातो. आमच्या मतें तो सुतारांचा व दोरकऱ्यांचाही आहे.

आमच्या नागपुरापासूनच आरंभ करावयाचा तर काटोल रस्त्याजवळील जुनापाणीचीं शिलावर्तुळें घ्यावींत. तीं सुमारें तीनशें आहेत. रिव्हेट-कार्नक यानें एकोणिसाव्या शतकांत त्यांतील कांहीं उकरून पाहिलीं, व पुढें 1962 च्या सुमारास तेथें शास्त्रशुद्ध उत्खनन झालें. या वर्तुळांतील धोंडे लोटीत वा पहारेनें सरकवीत आणतां येण्याजोगे आहेत. म्हणजे जड वस्तु आडवी नेणें ही विद्या विदर्भांत लोहयुगापासून होती, इतकें निःशंकपणें म्हणतां येतें. जड आणि लांब वस्तु *उभी करणें* ही मात्र निराळी विद्या होय. आडव्या वस्तूचा भार भुईवर असतो. ती उभी होऊं लागली कीं तिचा तोल क्षणोक्षणीं बदलतो, आणि एका विशिष्ट कोनानंतर ओढणाऱ्यालाच ती आवरून धरावी लागते.

सहाव्या शतकांत उज्जयिनीच्या परिसरांत लिहिणाऱ्या वराहमिहिरानें नेमकी हीच क्रिया वर्णिली आहे. इंद्रध्वजाची कथा महाभारताच्या आदिपर्वांत येते. इंद्रानें चेदिराज उपरिचर वसूस वेळूची यष्टि दिली, आणि तेव्हांपासून राजे दरवर्षीं ती उभारूं लागले. आपल्या गुढीचा संबंध कित्येक विद्वान् तिच्याशींच जोडतात. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. बृहत्संहितेंत मात्र ही यष्टि वेळूची राहिलेली नसून मोठ्या वृक्षाची झाली आहे. अर्जुन, अजकर्ण, प्रियक, धव व उदुंबर हे पांच वृक्ष श्रेष्ठ सांगितले आहेत. वृक्ष तोडल्यावर अग्राकडील चार व मुळाकडील आठ अंगुळें छाटून यष्टि पाण्यांत टाकावी, मग बाहेर काढून गाड्यावरून किंवा माणसांकरवीं नगरद्वाराशीं आणावी, असा विधि आहे. भाद्रपद शुद्ध अष्टमीस नगरप्रवेश व द्वादशीच्या सुमारास श्रवण नक्षत्रावर उत्थापन. उत्थापनाच्या वेळीं यंत्र, अर्गला, पाद व तोरण हीं अंगें घट्ट बांधलेलीं असावींत. आणि ध्वज वर जातांना फार वेगानें जाऊं नये, फार रेंगाळूं नये, त्यास कंपही होऊं नये, त्यावरील माळा व पेटिका ढळूं नयेत, असें आचार्य स्पष्ट सांगतो. हें वाक्य पुरोहितानें रचलेलें वाटत नाहीं. ज्यानें दोर हातांत धरला आहे त्याच्या तोंडून ऐकून घेतलेलें तें वाटतें.

याहून महत्त्वाचा भाग अपशकुनांचा. गाड्याचे आरे मोडले तर सैन्यांत फूट, चाकाची धांव मोडली तर सैन्याचा नाश, आंस मोडला तर द्रव्यनाश, आणि आंसाची खीळ निसटली तर सुतारास अपाय, असा क्रम आहे. दोर तुटल्यास बालकांस पीडा सांगितली आहे. वरवर पाहतां हें सारें फलज्योतिष. परंतु खिळीचें फळ सुताराच्याच माथीं कां यावें? खीळ ठोकणारा तोच, आणि चाक निखळतांना जवळ असणाराही तोच. उत्सवांत दोराभोंवतीं पोरांची गर्दी जमते, आणि ताणलेला दोर तुटला म्हणजे तो चाबकासारखा मागें फिरतो. हें अनुमान आहे, प्रमाण नव्हे. तथापि या यादीखालीं खऱ्या अपघातांची स्मृति दडली असावी असें म्हणण्यास जागा आहे. आणि तसें असेल तर दोर ओढणाऱ्यांचा जो इतिहास कोणीं लिहिला नाहीं त्याचा हा एक फाटका कागद होय.

पुढच्या काळांत साधनें अधिक मिळावयास हवीं होतीं. अकराव्या शतकांत भोजाच्या नांवावर असलेल्या समरांगणसूत्रधारांत यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. पण यंत्रांची घडण आपण अज्ञानामुळें नव्हे तर गुप्ततेसाठीं सांगत नाहीं, असें तेथें बजावून टाकिलें आहे! संशोधकाच्या दृष्टीनें याहून निराशाजनक वचन सांपडणें कठीण. त्यामानानें फिरोजशहा तुघलकाचा बखरकार अफीफ उदार. टोप्रा येथील अशोकस्तंभ चौदाव्या शतकांत दिल्लीस आणला गेला तेव्हां तो बारा वर्षांचा होता. स्तंभाभोंवतीं सांवरीच्या कापसाचा ढीग रचून पायथा खणला, स्तंभ त्या ढिगावर अलगद निजविला, बोरू व कच्च्या चामड्यांत गुंडाळिला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवून यमुनेपर्यंत ओढला, आणि नावांतून नेला. मग इमारतीचा एकेक थर बांधीत त्याबरोबर वर चढविला, इतका तपशील तो देतो. फार्सी बखरकाराला जें सुचलें तें आमच्या प्रशस्तिकारांस सुचूं नये, याचें वैषम्य वाटल्यावांचून राहत नाहीं.

आतां आजच्या काळाकडे वळूं. भारतांतील पहिल्या पवनविद्युत्-योजना 1986 सालीं झाल्या, त्यांत रत्नागिरीचा किनारा होता. तीं यंत्रें 55 किलोवॅटचीं, चक्राचा व्यास सुमारें 15 मीटर. पुढें पाटण तालुक्यांतील वनकुसवड्याचें पठार व साक्री तालुक्यांतील ब्राह्मणवेल येथें शेंकडों यंत्रें उभीं राहिलीं. 2 मेगावॅटच्या यंत्राचा स्तंभ सुमारें 80 मीटर, त्यावरील यंत्रघर साधारण 70 टनांचें, आणि एकेक पातें चाळीस मीटरांहून लांब असतें. स्तंभाचे पोलादी नळे आडवे येतात. मोठी यारी वरचें टोंक उचलते, लहान यारी बुडखा धरून असते. वरचें टोंक जसजसें चढतें तसतशी लहान यारी बुडखा घेऊन आंत येते, आणि नळा लंबरूप झाला कीं तिची पकड सोडवितात. इंद्रध्वजाचा बुडखा भुईवर टेकलेला असे व तोच फिरण्याचा बिंदु होई. येथें तो बिंदु अधांतरीं असून दुसऱ्या यारीच्या हातीं आहे. टांगलेला भार गरकूं नये म्हणून खालून माणसें दोर धरून उभीं असतात, तीं मात्र तशींच राहिलीं आहेत.

यारीची शक्ति म्हणजे एक ठरलेला आंकडा, अशी सामान्य समजूत असते. ती खरी नव्हे. सहाशें टनांची म्हणविली जाणारी यारी तेवढा भार अगदीं पायाशीं उचलते. हात लांब व दूर गेला कीं ती शक्ति झपाट्यानें घटते. तरफेचाच हा नियम, मोटेच्या धांवेवर बैल हांकणाऱ्यालाही तो अंगवळणीं पडलेला. म्हणून भुईची परीक्षा आधीं. समजा, यारीच्या दोन पट्ट्यांत आठ मीटरांचें अंतर आहे व एक पट्टा आठच सेंटिमीटर खचला. तर शंभर मीटर उंचीवरचें टोंक एक मीटर बाहेर झुकतें. सह्याद्रीच्या जांभ्याच्या पठारांवर वरून कठीण दिसणाऱ्या कवचाखालीं पोकळी असूं शकते, त्यामुळें जाड फळ्या अंथरून भार पसरावा लागतो. आणि मौज अशी कीं, जागा निवडावयाची ती वाऱ्यासाठीं, पण काम करावयाचें तें वारा पडल्यावर! दर सेकंदास आठ-दहा मीटरांहून वारा वाढला कीं पातीं चढविणें बहुधा थांबवितात. पातें वारा धरण्यासाठींच घडलेलें. दोराला टांगलें तरी तें आपला धर्म सोडीत नाहीं. आषाढ-श्रावणांत पाटणच्या पठारावर असें काम होणें नाहीं. पहांट किंवा हिंवाळ्यांतील शांत दिवस हाच त्याचा मुहूर्त.

यारी हा शब्द बंदरांत व कारखान्यांत रूढ झाला. ग्रीकांनीं याच यंत्रास क्रौंच पक्ष्याचें नांव दिलें होतें, इंग्रजांनींही तेंच केलें. कप्पी, सोल, पहार, तिकाटणें हे शब्द आपल्या कोशांत आहेत. पण रेल्वेचे खलाशी गर्डर सरकवितांना एकमेकांस ज्या हांका देतात, किंवा हातांच्या ज्या खुणा करतात, त्या कोणीं टिपून ठेवल्या आहेत? नागपुरांत कामठी रस्त्यावर गड्डीगोदाम येथें चालू रेल्वेमार्गाच्या डोक्यावर सुमारें ऐंशीं मीटर लांबीचा, दीड हजार टनांहून जड असा पोलादी पूल चढला. खालीं रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल व सर्वांत वर मेट्रो, अशी चार मजल्यांची रचना तेथें आहे. पुलाचें वजन वृत्तपत्रांनीं छापलें. तो चढविणाऱ्या टोळ्यांची बोली अजून ऐकूं येण्याजोगी आहे, तोंवर ती लिहून घेणें हें काम एखाद्या तरुण अभ्यासकानें पत्करावें. सातारा जिल्ह्यांतच शिखर शिंगणापूरच्या यात्रेंत मुंगी घाटानें कावडी चढवितात, तेथें दोर व माणसांची साखळी यांचें जें तंत्र दिसतें त्याचीही नोंद त्याबरोबरच व्हावी.

एक गोष्ट राहिली, ती उतरविण्याची. वराहमिहिराचा राजा चार दिवस ध्वजाची पूजा करून पांचव्या दिवशीं त्याचें विसर्जन करतो. तो खालीं कसा आणावा याविषयीं आचार्यानें उत्थापनाइतकें लिहिलें नाहीं. वास्तविक भार सोडणें हें भार चढविण्यापेक्षां सोपें मुळींच नाहीं. जुन्या पवनचक्क्यांच्या जागीं नव्या, मोठ्या बसविण्यासाठीं केंद्रसरकारनें 2016 सालीं धोरण जाहीर केलें व 2023 सालीं तें सुधारलें. त्याप्रमाणें जुनें यंत्र काढावयाचें तर क्रम उलटा होतो: आधीं पातीं, मग यंत्रघर, मग वरचा नळा, बुडख्याशीं लहान यारी पुन्हां येऊन उभी राहते, आणि या वेळीं ती भार घेऊन बाहेर सरकत जाते.