खजिना कोणी रिकामा केला?

सत्ताबदल झाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘आधीच्या सरकारने खजिना रिकामा करून ठेवला.’ दिल्ली असो की मुंबई, बोलणारा पक्ष कोणताही असो, वाक्य तेच. पाच वर्षांनी तोच पक्ष पायउतार झाला की नवे सरकार त्याच्यावर हाच आरोप करते. ऐकणाऱ्यालाही त्याची इतकी सवय झाली आहे की खरे-खोटे तपासण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. आपल्या पक्षावर आरोप झाला की आपण चिडतो, दुसऱ्याच्या पक्षावर झाला की टाळ्या वाजवतो.

म्हणून म्हटले, एकदा हिशेब मांडून पाहू. त्यासाठी १९९१ सालाइतके चांगले उदाहरण नाही. त्या वर्षी देशाला सोने परदेशी तारण ठेवावे लागले. ही वेळ कोणामुळे आली? भाजपचे लोक सांगतात, काँग्रेसच्या उधळपट्टीमुळे. काँग्रेसवाले सांगतात, व्ही. पी. सिंग आणि चंद्रशेखर यांच्या औटघटकेच्या सरकारांमुळे. जनता दलवाले बोट दाखवत राजीव गांधींकडे. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडे सत्य आहे, आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याचे सत्य झाकून ठेवले आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. सरकारने कर्ज काढणे हे मुळातच पाप नाही. शेतकरी विहिरीसाठी कर्ज काढतो, विहिरीला पाणी लागते, पिकातून कर्ज फिटते. पण कर्ज काढून रोजचा किराणा भरू लागला तर घर बुडते. सरकारच्या हिशेबात या किराण्याच्या कर्जाला महसुली तूट म्हणतात. पगार, पेन्शन, अनुदाने आणि व्याज यांचा खर्च करांच्या व इतर नेहमीच्या उत्पन्नात भागला नाही, की ही तूट येते.

केंद्र सरकारचे हे खाते सत्तरच्या दशकात बहुतेक वर्षे शिलकीत होते. १९७९-८० पासून ते तुटीत गेले आणि आजतागायत वर आलेले नाही. त्या वर्षाचा अर्थसंकल्प काँग्रेसने मांडला नव्हता. तो जनता पक्षाच्या सरकारचा होता आणि चौधरी चरणसिंग यांनी मांडला होता. अर्थात सगळा दोष त्यांचाही नाही. त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला, इराणमधल्या उलथापालथीनंतर तेल महागले आणि जनता सरकार मधेच कोसळले. पण सुरुवात तेथून झाली, हे काँग्रेसच्या विरोधकांनी लक्षात ठेवावे.

आणि पुढची दहा वर्षे कोणाची होती, हे काँग्रेसच्या समर्थकांनी लक्षात ठेवावे. १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या. १९८४ च्या अखेरीस राजीव गांधी चारशेहून अधिक खासदार घेऊन आले. इतके बहुमत ना त्याआधी कोणाला मिळाले होते, ना त्यानंतर मिळाले. कटू निर्णय घ्यायची ताकद कोणत्या सरकारात असेल तर ती याच सरकारात होती. त्यांचे पहिले अर्थमंत्री व्ही. पी. सिंग यांनी डिसेंबर १९८५ मध्ये दीर्घकालीन वित्तीय धोरणाचा दस्तऐवजही संसदेत ठेवला. पण खर्च थांबला नाही. संरक्षणावरचा खर्च वाढला, खते आणि धान्यावरची अनुदाने वाढली, चौथ्या वेतन आयोगाचा भार आला. दशकाच्या उत्तरार्धात केंद्राची वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७ ते ८ टक्क्यांच्या आसपास राहिली.

हे सगळे चालले कसे? त्याची एक युक्ती होती. १९५५ पासून सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात अशी व्यवस्था होती की, सरकारच्या खात्यातली शिल्लक ५० कोटींच्या खाली गेली की ‘अ‍ॅड-हॉक’ ट्रेझरी बिले आपोआप निघत आणि रिझर्व्ह बँक खात्यात पैसे भरत असे. संसदेत चर्चा नाही, बाजारात व्याजदराची घासाघीस नाही. १९८५ मध्ये सुखमय चक्रवर्ती समितीने या पद्धतीच्या धोक्याकडे लक्ष वेधले. अहवाल आला, चर्चा झाली आणि पद्धत चालूच राहिली. सोय कोणाला नको असते?

या कथेत दोन मराठी माणसे आहेत. १९८८-८९ मध्ये अर्थमंत्री होते शंकरराव चव्हाण, आपल्या नांदेडचे. शिस्तीचे, कडक स्वभावाचे म्हणून महाराष्ट्र त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणायचा. पण निवडणुकीच्या वर्षात हेडमास्तरांनाही छडी खाली ठेवावी लागली. त्यांच्यानंतर आले प्रा. मधु दंडवते. कोकणातल्या राजापूरमधून १९७१ पासून सलग निवडून येणारे, समाजवादी, निष्कलंक चारित्र्याचे. आगगाडीच्या दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर गादी आणणारे रेल्वेमंत्री म्हणून लोक त्यांना आजही दुवा देतात. आधीच्या सरकारने काय स्थिती करून ठेवली आहे ते दंडवत्यांना नीट दिसत होते आणि १९९० च्या अर्थसंकल्पात त्यांनी तुटीबद्दल चिंताही बोलून दाखवली. पण त्यांच्या पक्षाने निवडणुकीत कर्जमाफीचे वचन दिले होते. त्याप्रमाणे दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जमाफी त्याच वर्षी जाहीर झाली. या सरकारला बाहेरून पाठिंबा देत होते भाजप आणि डावे पक्ष. खर्च कमी करा म्हणून त्यांनी पाठिंबा काढल्याचे कोणाला आठवते का? भाजपने पाठिंबा काढला तो अडवाणींची रथयात्रा अडवल्यावर.

१९९० चे ते वर्ष आपल्यापैकी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मंडल आठवते, मंदिर आठवते, दंगली आठवतात. त्या धुरात खजिन्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. ऑगस्टमध्ये सद्दाम हुसेनने कुवेत गिळले. तेलाचे भाव भडकले. एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. रत्नागिरी-रायगडच्या किती मुस्लिम मोहल्ल्यांत त्या वेळी आखातातून येणारी मनीऑर्डर आणि ड्राफ्ट बंद झाले असतील! कमावते हात रिकामे परतले. कोकणातल्या घरांना बसलेला तोच धक्का देशालाही बसला, कारण आखातातून येणारे डॉलर हा देशाचाही आधार होता. अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली. परकीय कर्ज तोवर सुमारे ८४ अब्ज डॉलरच्या घरात पोचले होते.

आखाती युद्ध निमित्त ठरले हे खरे. पण निमित्त आणि कारण यांत फरक आहे. तेल इतर देशांनाही महाग पडले, त्या सगळ्यांना सोने गहाण टाकावे लागले नाही. १९९०-९१ मध्ये केंद्राच्या महसुली जमेतल्या दर शंभर रुपयांपैकी ३९ रुपये नुसत्या व्याजात जात होते. अशा घराला एक आजारपणही रस्त्यावर आणते.

नोव्हेंबर १९९० मध्ये चंद्रशेखर पंतप्रधान झाले. स्वतःचे खासदार साठच्या आसपास, बाकी टेकू काँग्रेसचा. अर्थमंत्री होते यशवंत सिन्हा, जे पुढे भाजपमध्ये गेले. फेब्रुवारी १९९१ मध्ये पूर्ण अर्थसंकल्प मांडायची वेळ आली तेव्हा काँग्रेसने तो मांडू दिला नाही. केवळ लेखानुदान झाले. मार्चमध्ये सरकारच गेले. देशाची पत रोज घसरत असताना, हिशेब मांडायलासुद्धा एका पक्षाने नकार दिला आणि दुसऱ्यात तो मांडण्याइतके बळ नव्हते.

मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत जप्त केलेले २० टन सोने परत घेण्याच्या बोलीवर परदेशात विकले गेले. २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली. निवडणुका होऊन नरसिंह राव आले, जे आधी आपल्या रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेले होते. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने बाहेर गेले, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण म्हणून. मिळाले सुमारे ४० कोटी डॉलर. ज्या देशात बायकोचे मंगळसूत्र किंवा लच्छा गहाण टाकणे ही शेवटची नामुष्की समजतात, त्या देशाला ही गोष्ट जिव्हारी लागली. सोने त्याच वर्षी सोडवले, पण डाग राहिला.

मनमोहन सिंगांनी २४ जुलैच्या अर्थसंकल्पात खर्चाला कात्री लावली, तूट एका वर्षात बरीच खाली आणली. त्या वेळी खतांच्या किमतीवर काँग्रेसच्याच खासदारांनी ओरड केली आणि वाढ थोडी मागे घ्यावी लागली. आठ महिन्यांपूर्वी खर्चाबद्दल गप्प असलेले विरोधकही गरिबांच्या नावाने रस्त्यावर उतरले.

यानंतर धडा शिकला गेला का? थोडा. १९९४ मध्ये काँग्रेस सरकारने अ‍ॅड-हॉक बिले बंद करण्याचा करार केला, तो १९९७ मध्ये संयुक्त आघाडीने पूर्ण केला. वाजपेयी सरकारने वित्तीय जबाबदारीचा कायदा २००३ मध्ये संमत केला, तो २००४ मध्ये मनमोहन सिंग सरकारने लागू केला. तेव्हा चांगले कामही पक्षांनी वाटून केले आहे, हे मान्य केले पाहिजे. २००७-०८ मध्ये तूट अडीच टक्क्यांपर्यंत उतरली. पण पुढच्याच वर्षी निवडणूक समोर होती. कर्जमाफी, सहावा वेतन आयोग आणि जागतिक मंदी एकत्र आली आणि तूट सहा टक्क्यांवर गेली. मंदीसाठीचा खर्च समजू शकतो, बाकीचे दोन निर्णय मंदीच्या आधीच ठरले होते.

लपवाछपवीतही सगळे सारखेच. तेल कंपन्यांना रोख पैशाऐवजी रोखे देऊन तूट कागदावर कमी दाखवण्याचा प्रकार वाजपेयींच्या काळात झाला आणि मनमोहन सिंगांच्या काळात फार मोठ्या प्रमाणावर झाला. मोदी सरकारने तेलरोख्यांवरून आधीच्यांना धारेवर धरले. पण अन्न महामंडळाला अनुदानाऐवजी अल्पबचत निधीतून कर्ज देऊन तेही बरीच वर्षे हेच करत होते. २०२१ च्या अर्थसंकल्पात ते हिशेबात आणले. महाराष्ट्रात युती सरकारने १९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ काढून राज्याच्या हमीवर रोखे विकले. २०२४ च्या निवडणुकीत तर एका बाजूने बहिणींना २१०० रुपये सांगितले, दुसऱ्या बाजूने ३०००. पैसे कोठून आणणार, हे दोन्ही बाजूंनी नीट सांगितले नाही.

मग जबाबदार कोण? ‘सगळेच चोर’ म्हणून हात झटकणे सोपे आहे, पण ते चुकीचे आहे. सर्वांचा वाटा सारखा नाही. १९९१ च्या बाबतीत माझे मत असे: ज्याच्याकडे पूर्ण बहुमत आणि पाच वर्षे होती, त्या राजीव गांधी सरकारची जबाबदारी सर्वांत मोठी. धोका दिसत असूनही कर्जमाफी करणाऱ्या आणि तिला गप्प राहून साथ देणाऱ्यांची त्यानंतरची. ऐन संकटात अर्थसंकल्प अडवणाऱ्यांची वेगळी मोजावी लागेल. सर्वांत कमी दोष सोने गहाण टाकणाऱ्यांचा, आणि बदनामी मात्र त्यांचीच जास्त झाली.

आपल्यात माणूस वारला की वारसांत वाटणी करण्याआधी त्याचे कर्ज फेडावे लागते. आधी कर्ज, मग वारसा. सरकारांनाही हा नियम लागू केला पाहिजे. गादीवर बसताना आधीच्यांचे कर्ज दिसले नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. ते माहीत असूनच मते मागितलेली असतात. आणि फेडणारे शेवटी आपण असतो. व्याजात गेलेला रुपया शाळेत, दवाखान्यात, शिष्यवृत्तीत येत नाही. त्याची झळ आधी बसते ती ज्यांच्याकडे सरकारी शाळेशिवाय आणि सरकारी दवाखान्याशिवाय दुसरे काही नाही त्यांना. त्यात आपल्या मोहल्ल्यांतले लोक किती आहेत, हे सांगायला नको.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी मत मागायला दारात आला आणि काही फुकट देऊ म्हणाला, तर जरूर चहा पाजा. पण एवढे विचारा: भाऊ, हे कशातून देणार? आणि तुमच्या पक्षाने मागच्या वेळी काढलेले कर्ज किती होते?