म्हातारपणाची काठी आणि राज्यसंस्था

मुलाला 'म्हातारपणाची काठी' म्हणण्याची आपली रीत फार जुनी आहे. डोळे अधू झाले तर सून पोथी वाचून दाखवील, पाय थकले तर नातू हात धरील, कान गेले तर घरचीं माणसें जवळ येऊन बोलतील, असा हा अलिखित करार होता. त्यांत सरकारचें नांव कोठेंच नव्हतें. तें पुढें कसें आलें, आणि सरकारनें जी खरी काठी देऊं केली तिचें मोल कसें ठरवावें, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

ह्या दृष्टीनें १९४८ हें वर्ष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं ५ जुलै रोजीं इंग्लंडांत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि तिच्यामार्फत चष्मे, कवळ्या व 'मेड्रेस्को' नांवाचें श्रवणयंत्र नागरिकांस विनामूल्य मिळूं लागलें. मागणी अपेक्षेहून फार झाली. त्यांतच शस्त्रसज्जतेचा खर्च वाढला, तेव्हां १९५१ सालीं कवळ्या व चष्मे ह्यांवर आकार बसविण्याचें ठरलें. त्याचा निषेध म्हणून ह्या सेवेचे जनक ॲन्यूरिन बेव्हन ह्यांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. वृद्धाचा चष्मा हा तेथें राज्यकारभाराचा प्रश्न झाला होता.

त्याच १९४८ च्या सप्टेंबरांत आमच्याकडे निराळाच इतिहास घडत होता. १७ सप्टेंबर रोजीं हैदराबाद संस्थानानें शरणागती पत्करली आणि भोकर निजामाच्या अमलांतून मुक्त झालें. १९५६ सालीं मराठवाड्याबरोबर तें मुंबई राज्यांत आलें, व १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. अशा मुलुखाला आधीं शाळा, रस्ते आणि पाणी पाहिजे होतें. वृद्धांचा भार कुटुंबावरच राहिला, ह्यांत नवल नाहीं.

देशांत साधनांचा विचार प्रथम अपंगांसाठीं झाला. त्यासाठीं १९७२ सालीं केंद्र सरकारनें कृत्रिम अवयव बनविणारें महामंडळ, म्हणजे कानपूरचें 'एलिम्को', स्थापन केलें. वृद्धांविषयींचें राष्ट्रीय धोरण १९९९ सालीं जाहीर झालें. २००७ च्या कायद्यानें आईबापांचा सांभाळ हें मुलांचें कायदेशीर कर्तव्य ठरविलें. अलिखित करार असा लेखी झाला.

पुढें १ एप्रिल २०१७ रोजीं आंध्रांतील नेल्लोर येथें 'राष्ट्रीय वयोश्री योजने'चा आरंभ झाला. दारिद्र्यरेषेखालील ६० वर्षांवरील माणसांस काठी, कुबड्या, वॉकर, चाकांची खुर्ची, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र ह्यांपैकीं जरूर तें साधन विनामूल्य द्यावें, आणि तपासणी व वांटप एलिम्कोनें शिबिरें भरवून करावें, अशी तिची योजना होती. महाराष्ट्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें दुसरी वाट धरली. 'मुख्यमंत्री वयोश्री योजने'नें वस्तूऐवजीं पैसा देऊं केला. वय ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आंत असलेल्या माणसाच्या बँकखात्यांत एकदांच ३,००० रुपये जमा करावे, व त्यांतून त्यानें आपल्या गरजेचें साधन विकत घ्यावें, असें ठरलें.

दोन्ही पद्धतींस आपापले गुण आहेत. पहिलींत जाणत्या माणसाची तपासणी आहे. दुसरींत वृद्धाला निवडीचा मान आहे. परंतु दोहोंचें लक्ष साधन हातीं पडण्याच्या दिवसावर खिळलेलें आहे, आणि साधनाचें खरें काम तर दुसऱ्या दिवशीं सुरू होतें. श्रवणयंत्राचेंच पाहा. वयोमानानें ऐकूं कमी येतें तें बहुधा आधीं उंच स्वराच्या आवाजांपुरतें. त्यामुळें 'स', 'श' ह्यांसारखीं व्यंजनें निसटतात. आवाज कानीं येतो, पण शब्द कळत नाहीं. चांगलें यंत्र त्या माणसाच्या कानाच्या तपासणीप्रमाणें जुळवावें लागतें, आणि त्याची किंमत ३,००० रुपयांच्या कितीतरी पट असते. स्वस्त यंत्र सर्वच आवाज सरसकट मोठे करतें. नातवाच्या बोलण्याबरोबर भांड्यांचा खणखणाटहि वाढतो. मग आजोबा तें काढून कोनाड्यांत ठेवतात, आणि पुन्हां संभाषणाबाहेर बसतात. काठीचीहि तीच गोष्ट. तिची उंची मनगटाशीं जुळावी लागते, आणि टोंकाचें रबर झिजलें कीं आधाराची काठीच घसरण्याचें कारण होते.

भोकरसारख्या तालुक्याच्या गांवीं ही अडचण दुणावते. नांदेड येथून सुमारे ५० किलोमीटर आहे. कर्तीं मुलें पोटासाठीं नांदेड, हैदराबाद, पुणें गांठतात. यंत्राचा आवाज पुन्हां जुळवून आणावयाचा तर म्हाताऱ्याबरोबर कोणाला तरी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. एवढा खटाटोप कोणी करीत नाहीं. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणें जगांत २५० कोटींहून अधिक माणसांस एखादें तरी साहाय्यक साधन हवें आहे. तेव्हां हा प्रश्न एकट्या भोकरचा नाहीं. पण त्याचा उलगडा तालुक्याच्या गांवींच व्हावयास पाहिजे. महिन्यांतून एक ठरलेला दिवस, कान तपासणारा एक जाणता माणूस, सुट्या भागांची एक पेटी आणि दुरुस्ती शिकलेला एखादा स्थानिक तरुण, एवढी व्यवस्था नव्या घोषणेहून अधिक उपयोगी पडेल.

दान देतांना उदक सोडण्याची आपली चाल आहे. पाणी सोडलें कीं दात्याचा त्या वस्तूशीं संबंध संपतो. राज्यसंस्थेनें दिलेलें साधन मात्र दान नव्हे. तें नागरिकाच्या हक्काचें आहे, आणि हक्काच्या वस्तूवर असें पाणी सोडतां येत नाहीं. म्हणून किती साधनें वांटलीं हा आंकडा सरकारनें अवश्य सांगावा. पण त्याच्या शेजारीं, वर्षभरानंतर त्यांतलीं किती वापरांत आहेत, हा दुसरा आंकडाहि दरसाल छापावा. वृद्धांची खरी स्थिति त्यावरूनच कळेल.