तलवारबहाद्दराच्या गळ्यातून

मुळशी हा आंबेमोहोराचा मुलूख. माशाचा काटा घशात रुतला की कोरड्या भाताचा घास, आणि पोराने रुपया गिळला की केळं, हे घरचे ठरलेले इलाज. गिळलेल्या वस्तूंपैकी दहातल्या आठ तरी आपणहून बाहेर पडतात. काम आतडं करतं, श्रेय केळं घेतं. उरलेल्यांना पुण्याला नेऊन दुर्बीण घालावी लागते.

या दुर्बिणीचं मूळ जत्रेतल्या खेळात आहे. पुण्यात ससून रुग्णालय उभं राहिलं १८६७ साली. पुढच्याच वर्षी जर्मनीत फ्रायबुर्गला आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरने तलवार गिळणाऱ्या एका खेळवाल्याला गाठलं आणि ४७ सेंटिमीटर लांबीची ताठ नळी त्याच्या जठरात उतरवली. नळी पोचली, उजेड पोचला नाही. दिवा इतका मिणमिणता की धड काही दिसेना. कुसमाउलने नाद सोडला.

उजेड सुधारला तशी हातचलाखी आली, आणि त्यात फिलाडेल्फियाचा शेव्हॅलिए जॅक्सन उस्ताद. उघडी सेफ्टी पिन टोक वर करून अन्ननलिकेत अडकली तर ती ओढायची नाही, ओढली की भोक पडतं. जॅक्सन ती आधी खाली जठरात ढकलायचा, तिथल्या ऐसपैस जागेत उलटी करायचा आणि टोक मागे ठेवून बाहेर आणायचा. रुग्णांच्या अन्ननलिकेतून आणि श्वासनलिकेतून काढलेल्या २,३७४ वस्तू त्याने जपून ठेवल्या. फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात त्या खणाखणांत मांडलेल्या आहेत: टाचण्या, बटणं, नाणी, खेळणी.

ताठ नळी लवचीक झाली ती काचेच्या तंतूंमुळे. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी आणि हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये अशा तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. तो लेख वाचून बेझिल हिर्शोविट्झ कामाला लागला आणि १९५७ मध्ये तयार झालेली दुर्बीण त्याने आधी स्वतःच गिळली. पुढे तिच्यातूनच चिमटा, तारेचा फास, जाळी आत जाऊ लागली.

आता घरोघरी नवा पाहुणा आहे, रिमोटमधला बटण सेल. एक्स-रेत तो नाण्यासारखाच गोल, पण कडेला दुहेरी रेघ दिसते. नाणं पुष्कळदा वाट पाहू देतं. सेल अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यातून वीज वाहते, ऋण बाजूला दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल जखम होऊ शकते. ताम्हिणीकडच्या वाडीतून निघालेल्यांचा यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. म्हणून तिथे केळ्याची परीक्षा पाहत बसायची नसते.