पोत्याची हमाली ते पार्सलची डिलिव्हरी

सातारा किंवा सांगली शहरात संध्याकाळी गेलात, तर पाठीवर मोठी चौकोनी बॅग घेऊन मोटारसायकलवर धावणारी पोरं दिसतात. स्विगी, झोमॅटोची पार्सलं घरोघर पोचवणारी. त्यातली बरीच आपल्याच गावांतली. गाडी हप्त्यावर, पेट्रोल स्वतःचं आणि पैसे ऑर्डरप्रमाणे. ऑर्डर नाही तर पैसा नाही. गटाच्या बैठकीत प्रश्न निघतो, की या पोरांना किमान वेतनाचा कायदा का लागू होत नाही? याच्या उत्तरासाठी थोडं मागं जावं लागेल, आपल्याच आजोबा-चुलत्यांच्या काळात.

माण, खटाव, जत, आटपाडी हा दुष्काळी भाग. पाटण, जावळी, शिराळा डोंगराळ. शेतीवर भागत नव्हतं, म्हणून गडी माणसं मुंबईला जायची आणि बाया गावाकडं शेत, गुरं, पोरं सांभाळत मनीऑर्डरची वाट बघायच्या. कुणी गिरणीत लागलं, कुणी मशीद बंदरच्या धान्य-मसाल्याच्या बाजारात पोती उचलायला. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. त्याला पगार नव्हता. पोत्यामागं पैसे मिळायचे. आज या गाळ्यावर, उद्या त्या. आजारी पडला तर चूल बंद.

किमान वेतनाचा कायदा तर 1948 सालीच आला होता. सरकारच्या यादीतल्या धंद्यांत मालकानं मजुराला ठरलेल्या दरापेक्षा कमी द्यायचं नाही, असं तो सांगायचा. पण त्यासाठी मालक कोण हे सापडलं पाहिजे. व्यापारी म्हणायचा, हा माझा नोकर नाही, टोळीचा माणूस आहे. टोळीचा मुकादम म्हणायचा, पैसे देणारा मी नाही. माणूस दिवसभर राबायचा आणि कागदावर कुणाचाच नसायचा.

या माणसांना एकत्र केलं अण्णासाहेब पाटलांनी. 1933 साली जन्मलेले, पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे. संघटना उभी राहिली, संप झाले, मोर्चे निघाले आणि 1969 साली महाराष्ट्र विधिमंडळानं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला.

या कायद्यानं मालक कोण हा वाद घालत बसण्याऐवजी मधे एक मंडळ उभं केलं. त्यात सरकार, व्यापारी आणि कामगार, तिघांचे प्रतिनिधी. हमालाची नोंद मंडळाकडं, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळाकडं. व्यापाऱ्यानं मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के जादा रक्कम, म्हणजे लेव्ही, तीही भरायची. मजुरी कामगाराला मंडळ देतं. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्टी, दवाखाना या गोष्टी होतात. ज्याला एक ठरलेला मालक नाही, त्यालाही म्हातारपणी हातात काही पडेल, ही सोय पोत्यामागं पैसे घेणाऱ्या माणसासाठी झाली. हे साधं काम नव्हतं.

आता गिऱ्हाइकाचं बघू, कारण वाढीव पैसा शेवटी कुणाच्या तरी खिशातून जातोच. समजा, 50 किलोच्या पोत्याची हमाली 10 रुपये आहे आणि तिच्यावर लेव्ही 4 रुपये. ते 4 रुपये 50 किलोंवर वाटले तर किलोमागं 8 पैसे. दुकानातल्या गिऱ्हाइकाला ते कळतही नाही. बाजार बंद पडला नाही, आणि गावाकडच्या कितीतरी घरांत त्या मजुरीवर पोरं शिकली.

या कायद्यात सगळंच गोड नाही. लेव्ही चुकवण्यासाठी नोंद न करणारे व्यापारी आहेत. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणारे लोक निघाले, त्याच्या तक्रारी विधिमंडळापर्यंत गेल्या. तरीही पाया पक्का राहिला, कारण पैसा कोण भरणार हे कायद्यातच लिहिलं होतं. याच राज्यात 2008 साली घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बहिणींसाठी. पण त्यात घरमालकावर लेव्ही नाही आणि किमान मजुरीचा दरही नाही. मंडळ सरकारच्या अनुदानाकडं बघत राहिलं. दोन्हीकडं मंडळच, पण एकाच्या मागं कामातून येणारा पैसा होता आणि दुसऱ्याच्या मागं नव्हता.

डिलिव्हरीची पोरं आज 1969 च्या आधीच्या हमालाच्या जागी उभी आहेत. कंपनी त्यांना कामगार म्हणत नाही, भागीदार म्हणते. म्हणून किमान वेतन लागू नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नवीन कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवरच्या कामगारांचं नाव पहिल्यांदा आलं. कंपनीनं वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के त्यांच्या कल्याणासाठी द्यायचे, पण पोरांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ही लेव्हीचीच धाकटी बहीण. मजुरीचा दर मात्र त्यात नाही.

दर ठरवल्यावर काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. न्यूयॉर्क शहरानं डिसेंबर 2023 पासून अशा मुलांना तासाला किमान 17.96 डॉलर ठरवले. त्यात ऑर्डरची वाट बघण्याचा वेळही धरला. त्यांची कमाई वाढली. पण कंपन्यांनी गिऱ्हाइकावर जादा आकार लावला, बक्षिसीची सोय ऑर्डर झाल्यानंतर ठेवली, त्यामुळं बक्षिसी घटली, आणि किती जणांना किती वेळ काम द्यायचं यावरही बंधनं आणली. सिॲटल शहरात 2024 मध्ये एका ऑर्डरवर सुमारे 5 डॉलर जादा लागले. तिथं ऑर्डरी कमी झाल्या आणि पोरं रिकामी बसू लागली.

असं का झालं? पोत्यावरची लेव्ही 50 किलोंत विरून जाते. पार्सल मात्र एकाच घरी जातं, त्यामुळं सगळा भार एकाच गिऱ्हाइकावर दिसतो. आपल्यातल्या ज्या बाया जेवण करून ॲपवरून विकतात, त्यांनाही ऑर्डर कमी झाल्याची झळ बसेल. म्हणून नुसता दर वाढवा म्हणून भागत नाही. तो भार कंपनीच्या कमिशनवर किती, हॉटेलवर किती आणि गिऱ्हाइकावर किती, हेही कायद्यात बोललं गेलं पाहिजे. वाट बघण्याचा वेळ मोजायचा की नाही, हेही. रोजगार हमीवर काम केलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. माप कोण घेतं, यावरच हातात किती पडणार ते ठरतं.

पुढच्या बैठकीत गटातल्या ज्या घरी असं काम करणारा मुलगा आहे, तिथं तीन गोष्टी विचारा. ई-श्रम पोर्टलवर त्याची नोंद झाली आहे का? अपघाताचा विमा कुणाचा आणि कितीचा? महिन्याच्या कमाईतून पेट्रोल, हप्ता आणि दुरुस्ती वजा करून, कामावर घातलेल्या तासांनी भागलं, तर तासाला किती पडतात? हा शेवटचा आकडा वहीत लिहून ठेवा. आपल्या हमालांचा कायदा झाला तो मोजता येणाऱ्या पोत्यांवर आणि एकत्र आलेल्या माणसांवर. या पोरांची पोती अजून मोजायची आहेत.