अकरावीच्या पुस्तकातलं नाटक

घरात अकरावीचं लेकरू असेल तर त्याचं मराठीचं 'युवकभारती' जरा उघडून बघा. 2019 साली आलेल्या या पुस्तकात 'नाटक' हा स्वतंत्र विभाग आहे. पु. ल. देशपांडे यांचं 'सुंदर मी होणार', दिलीप प्रभावळकरांचं 'हसवाफसवी' आणि प्रशांत दळवींचं 'ध्यानीमनी', असे तीन नाटकांतले उतारे. यातले दळवी आपल्या मराठवाड्यातले, औरंगाबादच्या 'जिगीषा' संस्थेतून पुढं आलेले. 1991 ला 'चारचौघी' लिहिणारे तेच. परभणीतल्या किती वर्गांत हे पोरांना सांगितलं जातं?

आपल्याकडं नाटक उशिरा रुजलं, त्याला कारण आहे. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 ला 'सीतास्वयंवर' केलं, त्याला तिथल्या संस्थानिकांचा आश्रय होता. पुण्यात 1880 ला किर्लोस्करांचं 'शाकुंतल' गाजलं. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. वरचं शिक्षण उर्दूतून. पुढं तर 'गश्ती निशान 53' आलं, म्हणजे सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. चार माणसं जमायची चोरी, तिथं मराठी नाटकाला कोण वाव देणार? 17 सप्टेंबर 1948 नंतर हवा बदलली.

1958 ला मराठवाडा विद्यापीठ झालं. पुढं तिथं नाट्यशास्त्र विभाग उभा राहिला, तो कमलाकर सोनटक्के यांच्यामुळं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून आलेला हा माणूस. गावात रात्री कचेरीतले बाबू आणि मास्तर मिळून हौसेनं करायचे ती गोष्ट आता आवाज, देहबोली, नेपथ्य, प्रकाश असं शिकायचा विषय झाली. मराठवाड्यातली पोरं मुंबईच्या रंगभूमीवर दिसायला लागली, त्यात या विभागाचा वाटा मोठा.

आता माझा मुद्दा. 1975 ला दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला. त्याआधी मॅट्रिक झालेलं पोरगं थेट विद्यापीठाच्या कॉलेजात जायचं, सोळाव्या वर्षीच. नंतर अकरावी-बारावी गेली बोर्डाकडं. इमारत बहुतेक ठिकाणी तीच, फाटक तेच, पण कागदोपत्री घर वेगळं. एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य यांचा युवक महोत्सव विद्यापीठाचा, म्हणजे पदवीच्या पोरांचा. नांदेडच्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, तिथं पोचायलाही आधी बारावी पार करावी लागते. ज्या वयात पोराचा आवाज फुटतो, लाज मोडते, नेमकी तीच दोन वर्षं मध्येच कोरडी गेली. यावर कुणी फार बोललेलं माझ्या वाचनात नाही.

तिकडं इंग्लंडात याच वयाची मुलं नाटक हा पूर्ण विषय घेतात. संहिता वाचतात, गटानं प्रयोग उभा करतात, पाहिलेल्या नाटकावर पेपर लिहितात. आपल्याकडं अकरावीला नाटकाच्या उताऱ्यावर प्रश्न येतो, गाईडमध्ये उत्तर असतं, विषय संपला. मराठीला 80 गुण लेखी आणि 20 तोंडी. हे 20 बऱ्याच ठिकाणी पोरगं तोंड न उघडताच मिळवतं, हे मास्तर मंडळी खासगीत कबूल करतात. त्यांचाही इलाज नाही म्हणा. दहावी झाली की हुशार पोरं लातूर-नांदेडच्या क्लासला, इथं नाव फक्त हजेरीपटावर. वर्गच रिकामा तर संवाद कुणाशी म्हणायचा?

तरी जी पोरं वर्गात बसतात, त्यातल्या चौघांनी 'हसवाफसवी'तला पाठातला प्रवेश उभं राहून दहा मिनिटं केला आणि त्यावर ते 20 गुण दिले, तर त्याला जीआर लागत नाही की नाट्यगृह लागत नाही.

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरी, मानवत, सोनपेठ, पूर्णा, पालम. तुमच्या कॉलेजात अकरावी-बारावीत कुणी नाटक बसवलं असेल तर साल आणि नाटकाचं नाव खाली लिहा. जुनं हँडबिल किंवा फोटो कुणाच्या पेटीत असेल तर टाकू नका, मी स्वतः येऊन बघतो.